उरलेले अंगठे

तारीख सोळा मार्च, बाजाराचा दिवस. वेळ सकाळी सव्वाअकरा. रक्कम : निरंक. हजर : मी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आमचे बीट हवालदार, एक शेतकरी, वय अंदाजे पस्तीस, आणि त्याची म्हातारी आई.

ही नोंद स्टेशन डायरीतली नाही, माझ्या घरच्या वहीतली आहे. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातला बंदोबस्त केला. त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. ही सकाळ मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते. कुणाचंही नाव लिहीत नाही. गावाचं, कंपनीचं, संस्थेचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

सरकारी पत्रात शून्य लिहीत नाहीत, निरंक लिहितात. त्या शेतकऱ्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं पत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं, त्यात शेवटच्या ओळीत तेच होतं. देय रक्कम, निरंक. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको वाघाच्या हल्ल्यात गेली होती. वन कार्यालयाकडून मिळणाऱ्या मदतीचा अर्ज फेटाळला गेला होता. कारण दिलं होतं ते असं : मृत महिला धूरमुक्त गावातील गॅस लाभार्थी असून, घरी इंधन उपलब्ध असताना तिने राखीव वनात विनापरवाना प्रवेश केला. आधार, पोलीस पंचनामा, पान दोन.

तो चौथीपर्यंत शिकलेला होता. त्याने पत्रातल्या 'विनापरवाना' या शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, हा शब्द तुमीच लिवला ना?"

मी हो म्हणालो.

"मले पैशाचं नाई. पैसे आज येईन, उद्या सरन. तिले चोर काऊन लिवलं, तेवढं सांगा."

मी पंचनामा काढायला सांगितला. अक्षर माझंच होतं.

मागच्या नोव्हेंबरात, धानाची कापणी चालू असताना, सकाळी साडेनऊला ठाण्यात खबर आली होती. गावापासून चार किलोमीटर आत. दोन शेजारणींसोबत ती सरपणाला गेली होती. मी पोचलो तेव्हा त्या दोघी झाडाखाली एकमेकींना धरून बसलेल्या होत्या. जागेवर मिळालेल्या वस्तू मी एकेक करून लिहिल्या : एक विळा, लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, पाण्याची प्लास्टिकची बाटली, अर्धी भरलेली, आणि वाळलेल्या काड्यांची बांधलेली मोळी, एक. ओलं लाकूड नाही, असंही लिहिलं होतं. मग वाक्य पूर्ण करताना हात थांबला. सोबतचा वनरक्षक म्हणाला, "विनापरवाना लिहा साहेब, आमच्याकडे तसंच लिहितात." मी लिहिलं. परवाना लागतो का, तिच्याकडे होता का, कुणी मागितला होता का, यातलं काहीही मी विचारलं नाही. वाक्य चांगलं बसलं, एवढंच.

वाळलेली काडी डोक्यावर आणायला त्या गावाला परवाना लागत नव्हता. हे मला मार्चमध्ये कळलं.

मी त्याला म्हणालो, "भाऊ, चूक माझी आहे. पण नुसती चूक म्हणून चालणार नाही. तुमच्याकडे गॅस होता, असं हे पत्र म्हणतं. होता का?"

तो आईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "येऊन पाहा नं साहेब. कोंबडी बसली राह्यते त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन गावात गेलो. हवालदार त्याच भागातले, गोंडी बोलणारे. माझं गाव नागभीडकडचं, झाडीची बोली मला घरची आहे, पण गोंडी येत नाही. गाव एकेचाळीस घरांचं. प्रत्येक घरात शिरलो आणि प्रत्येक घरात तेच पाहिलं. चुलीपासून लांब, धान्याच्या कोठीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोन बर्नरची शेगडी. कोपऱ्यात रिकामी टाकी. कुणी तिच्यावर पाण्याचा गुंड ठेवला होता, कुणी कंदील. म्हाताऱ्या बाईच्या घरी खरंच कोंबडी बसलेली होती.

"टाकी किती दिवस पुरली, बाई?"

"सव्वा महिना. तिनं लई जपून वापरली. च्यासाठी अन् पोरीच्या दुधासाठी. मंग खाली झाली. मंग कोनी नाई आलं." म्हातारीने कोंबडीला हाताने उडवलं. "हे एकटीच धूरमुक्त हाय आमच्या घरात."

हवालदारांना हसू आलं, मग त्यांनी तोंड फिरवलं.

आता हे धूरमुक्त काय, ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात तेलाची विहीर नाही. कोळसा आहे, जंगल आहे, धान आहे. पण पेट्रोल आणि गॅस इथेही विकला जातो, आणि मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजाच्या कामावर खर्च करावा असा कायदा आहे. दूर समुद्राकाठी कारखाने असलेल्या एका तेल कंपनीने जंगलालगतची पाच गावं घेतली. योजना कागदावर सुरेख होती. बायका सरपणाला जातात म्हणून वाघाच्या तावडीत सापडतात. मग सरपणच लागू नये. प्रत्येक घराला शेगडी, एक भरलेली टाकी, आणि पुढे तीन वर्षं दर दोन महिन्यांनी एक टाकी फुकट. गावात नेऊन द्यायचं काम तालुक्यातल्या एका संस्थेला दिलं. वर्ष पुरं झाल्यावर संस्थेने अहवाल दिला, कंपनीने तो छापला आणि गावाला धूरमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

त्या प्रमाणपत्राची एक प्रत वन कार्यालयात गेली. तोवर त्या कार्यालयाकडून गावाच्या शिवेला जळाऊ लाकडाचे गठ्ठे सवलतीत मिळत. प्रमाणपत्र आल्यावर ते बंद झाले. गॅस आला, लाकूड कशाला? आणि शिवेजवळची वाळकी काडी एकेचाळीस चुलींना एका हंगामात संपली. बायका आधी एक किलोमीटर जात, मग दोन, मग चार.

मी हे सगळं वहीत ओळीने लिहून काढलं. वाघाने माणूस मारला, एवढीच ती घटना नव्हती. त्याआधी तीन कागद होते, योजना, अहवाल आणि प्रमाणपत्र. त्यानंतरचा चौथा माझा होता.

नवऱ्याची रीतसर फिर्याद घेतली. संस्थेच्या समन्वयकाला बोलावलं. चाळिशीचा, इस्त्रीचा कुर्ता, बोलणं मऊ. त्याने न मागता वाटपाच्या रजिस्टरची झेरॉक्स आणली होती.

"सगळं ऑडिट झालेलं आहे, साहेब. बाहेरची माणसं येऊन दोन दिवसांत पाचही गावं तपासून गेली."

न मागता कागद आणणारा माणूस मी नेहमी दोनदा पाहतो. पण कागद नीटनेटके होते. प्रत्येक फेरीचा एक लांब तक्ता, एकेचाळीस ओळी, नाव, तारीख, टाकी मिळाली, आणि शेवटच्या रकान्यात अंगठा. बारा फेऱ्या. दर साठाव्या दिवशी एक.

ती झेरॉक्स मी घरी नेली. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कॅलेंडर आहे. टाकी लावली की माझी बायको त्या तारखेवर पेन्सिलीने गोल करते. मी मागचे गोल मोजले. चौतीस दिवस, एकेचाळीस, छत्तीस, आणि दिवाळीत पाहुणे होते तेव्हा सव्वीस.

"एकेचाळीस घरांची टाकी एकाच दिवशी संपते का गं?" मी विचारलं.

"एका घरातल्या दोन भावांची नाही संपत," ती म्हणाली. "सख्ख्या जावांमध्ये त्यावरूनच तर भांडणं होतात."

तरीही हा पुरावा नव्हता. ठरल्या दिवशी गाडी येते, म्हणून तारीख एक, असं कुणीही सांगितलं असतं. पुरावा दुसऱ्या दिवशी हवालदारांनी दिला. ते तक्त्यांवरून बोट फिरवत होते. मागच्या जूनच्या फेरीवर थांबले.

"साहेब, ह्या दिवशी तर गाव बांधलं होतं."

पेरणीच्या आधी त्या गावांत गाव बांधतात. गावाचा पुजारी शिवेवर पूजा करतो, वाटेवर आडवी दोरी बांधतो. त्या दिवशी बाहेरचं माणूस आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. ठरलेली वेळ होईपर्यंत चूलही पेटत नाही. कलेक्टर आला तरी दोरीच्या अलीकडेच थांबतो.

"तुम्हाला तारीख कशी आठवते?"

"मी समन्स घेऊन गेलो होतो नं त्या दिवशी. परत पाठवलं मले. वरून पुजारी म्हणे, जावई असता तरी नसता घेतला आत."

स्टेशन डायरी काढली. त्या तारखेला हवालदारांच्या हातची नोंद होती : गाव बांधलेले असल्याने समन्स बजावता आले नाही, परत आलो. आणि संस्थेच्या तक्त्यात त्याच दिवशी सकाळी, त्याच गावात, एकेचाळीस टाक्या उतरलेल्या होत्या. एकेचाळीस बायकांनी अंगठे दिलेले होते. संस्थेतल्या कुणाला ती रीत माहीत असती तर त्याने तारीख एका दिवसाने पुढे लिहिली असती. दोन वर्षं त्या गावाचं काम करून त्यांना तेवढंही माहीत नव्हतं.

पंच घेतले आणि संस्थेच्या कार्यालयात जाऊन मूळ रजिस्टर जप्त केलं. नव्या अधिकाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगत आलो. झेरॉक्सवर तपास करू नका.

समन्वयकाला पुन्हा समोर बसवलं आणि जूनची तारीख दाखवली. तो गडबडला, पण लगेच सावरला. मग खुर्ची पुढे ओढून सांगायला लागला.

"साहेब, खरं सांगू का? गावात आमची एक कार्यकर्ती होती. महिन्याला पाचशे रुपये मानधन. गाडी शिवेबाहेर थांबायची, टाक्या ती उतरवून घ्यायची, अंगठे तीच आणून द्यायची. पुढे तिने वाटल्या का विकल्या, ते आम्हाला कसं कळणार?"

"कोण कार्यकर्ती?"

"तीच. वाघाने नेली ती." त्याने आवाज खाली आणला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. म्हणून आजवर बोललो नाही."

सरपणाची चोर होतीच. आता ती गॅसची चोर होणार होती, आणि याचं उत्तर द्यायला ती नव्हती. गुन्हेगार पाहत आलो आहे. हुशार गुन्हेगार दोष जिवंत माणसावर टाकत नाही.

मी मूळ तक्ते खिडकीशी नेले आणि भिंग घेतलं. अंगठ्यांचा मी तज्ज्ञ नाही. पण यासाठी तज्ज्ञ लागत नव्हता. पहिल्या ओळीतल्या ठशावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, कापल्याची. दुसऱ्या ओळीतही होती. तिसऱ्यातही. एकेचाळीस घरं, एकेचाळीस नावं, आणि एकच अंगठा.

तिच्या नवऱ्याला बोलावलं. त्याच्यापुढे कागद आणि भिंग ठेवलं. त्याने भिंग घेतलं नाही. तो नुसता वाकला.

"हा तिचाच हाय," तो म्हणाला. "भाजी चिरताना पावशी लागली होती. मीच हळद लावली होती."

मग त्याला कळलं की आपण काय बोललो. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुणाला सांगू शकलेलो नाही. बायकोवरचा डाग पुसायला आलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने तिच्यावर दुसरा डाग लावला होता.

त्याला तसंच पाठवणं मला जमेना. मी आणि हवालदार त्याच्यासोबत गावात गेलो. म्हातारीला विचारलं, सून कधी संस्थेच्या कार्यालयात गेली होती का.

"एकडाव गेली होती. टाक्या आल्या त्याच महिन्यात. ट्रेनिंग हाय म्हणून गाडीनं नेलं. रातच्याले आली तर अंगठा निया निया. तीन दिवस शाई नाई गेली." म्हातारी थोडी हसली. "मी म्हटलं, एवढं मतदान कोनाले केलं वं? तर म्हने, आत्या, सगळ्या गावाच्या नावानं दाबून आलो. आता सगळ्यायले टाकी येते, कोनाले तालुक्याले जा लागत नाई. बायायले धानात जायचं राह्यते, त्यायचा दिवस काऊन बुडवाचा? मीच दाबतो म्हटलं सगळ्यायचे."

"कशावर दाबले, ते सांगितलं का?"

"कोरे होते म्हने कागद. रकाने पाडले होते नुसते."

"पैसे दिले?"

"छत्री देल्ली. लाल. थे पाहा."

दाराच्या खुंटीवर छत्री टांगलेली होती. तिच्यावर कंपनीचं चिन्ह होतं.

तीन वर्षांच्या अठरा फेऱ्या, एकेचाळीस घरं. सातशे अडतीस अंगठे. दिवसभर बसून एका बाईने ते दाबले, शेजारणींचा दिवस बुडू नये म्हणून.

पण हे सगळं सुनेबद्दल सासूचं सांगणं होतं. न्यायालयात समोरचा वकील दोन मिनिटांत ते उडवून लावणार, हे मला दिसत होतं. कोऱ्या कागदावर घेतले, हे कागदानेच सांगायला हवं होतं.

ठाण्यात परतलो. बारा तक्ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. दहा तिच्या हयातीतले. डिसेंबर आणि फेब्रुवारीचे दोन ती गेल्यानंतरचे. त्या दोन्हीत तिच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात मयत असं लिहिलं होतं, आणि टाक्या बरोबर चाळीस दाखवल्या होत्या. तेवढा प्रामाणिकपणा त्यांनी पाळला होता. मेलेल्या बाईच्या नावावर टाकी घेतली नव्हती.

भिंग फिरवलं. डिसेंबरच्या तक्त्यातल्या बाकीच्या चाळीस अंगठ्यांवर तीच पांढरी रेघ होती. फेब्रुवारीतही तीच. ती नोव्हेंबरात गेली होती.

मग मयत शब्दाकडे पाहिलं. झेरॉक्समध्ये दिसलं नव्हतं, ते मूळ कागदावर दिसलं. तो शब्द तक्त्यावर लिहिलेला नव्हता. कागदाची छोटी पट्टी चिकटवून तिच्यावर लिहिला होता. मी तक्ता उचलून खिडकीच्या उजेडात धरला. पट्टीखाली, तिच्या स्वतःच्या नावापुढे, तिचा अंगठा होता.

हवालदार माझ्या मागे उभे होते. ते गोंडीत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही.

समन्वयकाची तिसरी चौकशी वीस मिनिटं चालली. मी आवाज चढवला नाही. पोलिसांनी आवाज चढवला की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. मी डिसेंबरचा तक्ता त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "उजेडात धरा."

त्याने धरला. मग खाली ठेवून कागदाच्या कडा जुळवायला लागला, कार्यालयात जुळवतात तशा.

"ही बाई कधी वारली?"

"नोव्हेंबरात."

"मग डिसेंबरात चाळीस घरांचे अंगठे तिने कसे दिले?"

तो कडा जुळवतच राहिला. शेवटी म्हणाला, "अंगठे उरले होते, साहेब."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा विचारलं.

"तीन वर्षांचे घेऊन ठेवले होते. कंपनीला अंगठे मोजून लागायचे. उरले होते, म्हणून वापरले."

कबुली द्यायची म्हणून तो हे बोलला नव्हता. त्याला ते स्पष्टीकरण वाटलं होतं. पुढे टाक्या कुठे गेल्या, कोणत्या ढाब्यावर, कोणत्या वीटभट्टीवर, ते त्याने न थांबता सांगितलं. त्या गावाच्या चारशे नव्वद. उरलेले सहा कोरे तक्ते कार्यालयाच्या कपाटात मिळाले, दोनशे सेहेचाळीस अंगठ्यांसह. बँकेतल्या बचत गटाच्या फॉर्मवर तिचा अंगठा होता, तो जुळवायला पाठवला. तज्ज्ञांचा अहवाल आला, एकाच व्यक्तीचे. बाकीच्या चार गावांतही तोच प्रकार निघाला. तिथल्या बायका जिवंत होत्या, त्यांनी स्वतः सांगितलं.

कंपनीकडून एक अधिकारी बाई आल्या. तिशीच्या, मुंबईहून रेल्वेने नागपूर आणि तिथून गाडीने. त्यांच्याविषयी मला राग धरता आला नाही. त्यांनी कागद लपवले नाहीत, उलट मागितले नव्हते ते ईमेलही काढून दिले. त्यांच्याकडे छापील अहवाल होता. पान अठरावर तिचा फोटो होता. नव्या शेगडीमागे उभी, पदर डोक्यावर, हसणारी. खाली लिहिलं होतं, धुरातून सुटका.

मी म्हणालो, "शेगडीवर चहा उतू गेल्याचा एक डाग नाही. हे कुणी पाहिलं नाही?"

त्यांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला.

"आमच्याकडे मार्चच्या आत खर्च झाला की नाही, हे पाहतात," त्या म्हणाल्या. "नाही झाला तर का नाही झाला, याचं उत्तर द्यावं लागतं. झाला तर कुणी काही विचारत नाही. ही योजना मीच लिहिली होती, साहेब. वाघाची बातमी वाचून."

मग त्यांनी विचारलं, तिच्या घरी जाऊ का. मी म्हणालो, जा, पण फोटो काढू नका. त्या गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. म्हातारीने एवढंच सांगितलं की, "बाई आली होती. चुलीजवळ बसली. धुरानं डोये पुसत होती, का रडत होती, समजलं नाई."

माझं एक काम राहिलं होतं. पंचनामा एकदा झाला की त्यातला शब्द खोडता येत नाही, आणि खोडता येऊ नये हेच बरोबर आहे. मी वन कार्यालयाला आणि न्यायालयाला लेखी कळवलं की पान दोनवरचा विनापरवाना हा शब्द कोणत्याही साक्षीदाराने सांगितलेला नाही, पुराव्यात नाही, तो मी सवयीने लिहिला. वरिष्ठांनी कारणे दाखवा नोटीस दिली. मी कारण दाखवलं. सेवापुस्तकात नाराजीची एक ओळ पडली. ती योग्य होती, मी अपील केलं नाही.

सात महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. पुढची पाच वर्षं नव्या शिपायांच्या प्रशिक्षणात मी एकच गोष्ट घोटत राहिलो. माहीत नसेल तर रकाना मोकळा सोडा. त्यात 'चौकशी केली नाही' असं लिहा. लाज वाटली तरी लिहा. मोकळ्या रकान्याने आजवर कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

आता शेवटी कुणाला काय मिळालं, ते लिहितो.

संस्थेच्या खात्यात सहा लाख बारा हजार रुपये शिल्लक होते. ते नियमाप्रमाणे कंपनीला परत गेले आणि पुढच्या वर्षाच्या खर्चात धरले गेले. गावाला त्यातलं काही देता येत नव्हतं, तसा कायदा नाही. कंपनीने वेगळी तरतूद करून प्रत्येक घराला टाक्या सुरू केल्या. वन कार्यालयाची मदत सरकारी दराने पूर्ण मिळाली. ती मुलीच्या नावावर ठेव म्हणून आहे.

म्हातारी आता गॅसवर भात शिजवते. घरामागे मात्र एक मोळी उभी आहे. पंचनामा झाल्यावर आम्ही परत दिलेली तीच. गाठ तिच्या हातची आहे. मी शेवटचा गेलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "जाळाले मन नाई होत, साहेब. अन् सोडाले बी नाई."

संस्थेच्या हिशेबात कार्यकर्तीचं मानधन दरमहा उचललेलं निघालं. महिना पाचशेप्रमाणे बावीस महिने. तिला त्यातली छत्री तेवढी मिळाली होती. न्यायालयाने ती रक्कम वारसाला द्यायला सांगितली. ती द्यायला आम्ही गावात गेलो. सोबतच्या न्यायालयाच्या कारकुनाने पावतीपुस्तक उघडलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. नवऱ्याने तो हाताने बाजूला केला.

"अंगठा नाई देत मी," तो म्हणाला. "वाचून दाखवा पहिले, काय लिवलं ते."

मी वाचून दाखवलं. त्याने पेन घेतलं आणि चौथीत शिकलेली सही केली. तिला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

तारीख सव्वीस ऑक्टोबर. रक्कम : रुपये अकरा हजार फक्त. कशाबद्दल : मयत पत्नीने केलेल्या कामाचे मानधन. घेणार : पती. हजर : मी, बीट हवालदार, कारकून, मयताची सासू.